दूरच्या गॅसची प्रतीक्षा यादी

चांगदेव उतेकर महाडातल्या एका गॅस एजन्सीत एकवीस वर्षं कारकून होते. त्यातली पहिली बारा वर्षं त्यांचं काम एवढंच होतं, की आलेल्या माणसाला त्याचा नंबर अजून आलेला नाही हे सांगायचं. माझं टायपिंगचं दुकान एजन्सीला लागून. मधे फळ्यांची भिंत, तीही सुकून फटी पडलेली, त्यामुळे त्यांचं बोलणं मला दिवसभर ऐकू यायचं. पुढे त्यांची सगळी पत्रं मीच टाइप केली. म्हणून हे मला माहीत.

माणूस पोलादपूरकडचा. घरी भातशेती, तीन भाऊ, आई कमळाबाई. बारावी सायन्सला दोनदा बसून दोन्ही वेळा फिजिक्समध्येच राहिले, आणि तरी फिजिक्सवर त्यांचा राग नव्हता. रोज सकाळच्या एसटीने येत, जाताना संध्याकाळची गाडी. शर्ट कायम पांढरा, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल.

त्यांचा एकच दोष होता. त्यांना नुसतं ‘नाही’ म्हणता येत नसे. इतर कारकून मान न उचलता ‘नाही आला, पुढल्या महिन्यात बघा’ म्हणतात तसं ते म्हणत नसत. ते वही उघडत, बोट फिरवत आणि सांगत, “तुमच्या पुढे अठराशे अकरा माणसं आहेत. गेल्या वर्षी आपल्याला बेचाळीस कनेक्शनं मिळाली. त्या मानाने तुम्हाला त्रेचाळीस वर्षं लागतील, आणि वर दीड महिना.”

त्रेचाळीस वर्षं माणसं मुकाट ऐकून घेत. भांडण व्हायचं ते त्या दीड महिन्यावरून.

त्यांचं स्वतःचं नावही त्याच वहीत होतं, तेराशे सहा नंबरला. घरी चूल. एजन्सीतला माणूस असून आपल्याकडे गॅस नाही यावरून कमळाबाई त्यांना बोलायच्या, पण पुढच्या तेराशे पाच माणसांना ओलांडून आपण कसं जायचं, हे त्यांना कधी उमगलं नाही.

ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीत महाडच्या एका साप्ताहिकात बातमी आली. मथळा मोठा: ‘गॅसचे अफाट साठे सापडले’. खाली चार ओळी. आजवर कोणाच्याही ध्यानात न आलेल्या या साठ्यांमुळे शास्त्रज्ञांचे डोळे विस्फारले आहेत, गॅसचे प्रमाण कल्पनेपलीकडचे आहे, आणि हा गॅस पृथ्वीपासून. तिथे रकाना संपला होता. त्याखाली सिमेंटच्या पत्र्यांची जाहिरात सुरू होत होती.

‘हा गॅस पृथ्वीपासून’ याचा लोकांनी सरळ अर्थ लावला. जमिनीतून निघालाय. मग कुठे निघालाय याचाही शोध आपोआप लागला, कारण महाडजवळच्या साव गावात जमिनीतून गरम पाणी बुडबुडे काढत येतं आणि त्याला गंधकाचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात अंघोळीला न जाता नुसतं वास घ्यायला सावला गेलेली माणसं मी स्वतः पाहिली. परत येताना ती एजन्सीत शिरत आणि विचारत, “सावचा कधी चालू होणार?”

पुढच्या अंकात साप्ताहिकाने दिलगिरीसह उरलेलं वाक्य छापलं. ते असं होतं: ‘दहा अब्ज प्रकाशवर्षे अंतरावर असून तो एका दूरच्या दीर्घिकेत आहे.’

एजन्सीच्या शेठनी मला बोलावून नोटीस टाइप करायला लावली. मजकूर त्यांचाच. ‘सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, वर्तमानपत्रात आलेला गॅस सध्या दहा अब्ज प्रकाशवर्षे अंतरावर असून तो आपल्या एजन्सीत आलेला नाही. आल्यास कळविण्यात येईल.’

मी म्हटलं, शेठ, शेवटचं वाक्य काढूया.

“ते आपल्या सगळ्या नोटिशींत असतं,” शेठ म्हणाले. “ते काढलं तर लोकांना वाटेल हा गॅस वेगळा आहे.”

नोटीस लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी भागूबाई ढेबे आल्या. कशेडीच्या घाटावर, हायवेपासून तासभर चढून गेलं की धनगरांची सात घरं आहेत, त्यातलं एक त्यांचं. पाच म्हशी. त्या दुधाचा खवा करून पोलादपूरला घालत. पावसात लाकडं ओली होतात, भट्टी धरत नाही आणि दूध नासतं, म्हणून त्यांना गॅस हवा होता. महिन्यातून एकदा त्या उतरून हायवेला येत, मिळेल त्या ट्रकमधून पोलादपूर, तिथून एसटीने महाड, आणि चांगदेवांसमोर उभ्या राहत.

“माझा नंबर कितवा रे, चांगू?”

“एकवीसशे चौदा, मावशी. पन्नास वर्षं लागतील.” बेचाळीसने भागल्यावर वर आणखी चार महिने येत होते, पण त्या दिवशी त्यांनी ते सांगितले नाहीत. का कोण जाणे.

“आनि त्या कागदावरच्या गॅसाला?”

“तो फार लांब हाय.”

“लांब म्हंजे? वरंधच्या पल्याड, भोराकडं?”

“भोराच्या पुष्कळ पल्याड. प्रकाशाला तिथून इथवर यायला दहा अब्ज वर्षं लागली.”

“परकाश कोन?”

“उजेड, मावशी. दिव्याचा असतो तो.”

भागूबाईंनी यावर थोडा विचार केला. मग म्हणाल्या, “त्या गॅसाच्या लायनीत किती मानसं हायत?”

“कोणीच नाय.”

“मंग तिथं माझा पयला नंबर लाव.”

चांगदेवांनी त्यांना समजावलं की तो गॅस कोणी आणू शकत नाही. आणायला माणूस नाही, गाडी नाही, वाट नाही.

“हितला कोन आनतोय?” भागूबाईंनी विचारलं.

फळ्यांच्या पलीकडे मी टायपिंग थांबवलं. चांगदेवांना या प्रश्नाचं खोटं उत्तर देता येत नव्हतं आणि खरं उत्तर वहीत होतं. त्यांनी खणातून एक कोरी दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं: एक, भागूबाई ढेबे, धनगरवाडा, कशेडी. चिठ्ठी दिली. भागूबाई म्हणाल्या शिक्का मार, म्हणून शिक्काही मारला. शिक्का एजन्सीत एकच होता, ‘प्रतीक्षेत’ असा.

पोलादपूरच्या स्टँडवर भागूबाईंनी ती चिठ्ठी चारचौघींना दाखवली. एवढंच पुरलं. आपल्याकडे एखाद्या गोष्टीची यादी झाली आहे म्हटल्यावर ती गोष्ट काय आहे हे विचारत बसायला वेळ नसतो. पावसाळ्याच्या तोंडाला दुसऱ्या वहीत तीनशे चाळीस नावं झाली. चांगदेव प्रत्येकाला आधी सगळं सांगत, की हा गॅस मिळणार नाही, कधीच मिळणार नाही, तो कोणाच्याही घरी येणार नाही. लोक नीट ऐकून घेत आणि मग विचारत, “बरं, नंबर कितवा?”

त्यांनी स्वतःचंही नाव घातलं, पण यादी ठेवणाऱ्याने शेवटी असावं असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते पेन्सिलीने लिहिलेलं असे. नवीन माणूस आला की स्वतःचं नाव खोडायचं, त्याजागी त्याचं शाईने लिहायचं आणि खाली पुन्हा आपलं पेन्सिलीने. हे ते तीनशे चाळीस वेळा करून चुकले होते.

हैबती सकपाळ हे खोऱ्यातले मोठे शेतकरी, एकेकाळचे सरपंच. त्यांचा नंबर अठ्ठावन्न लागला. ते दोन दिवसांनी एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र घेऊन आले. पत्रात लिहिलं होतं की पत्रवाहक आमच्या ओळखीचे असून त्यांना दूरच्या गॅसचे कनेक्शन प्राधान्याने द्यावे.

चांगदेव म्हणाले, “सकपाळ, या यादीत प्राधान्य नाही. जो आधी आला तो आधी.”

“पहिली कोण आहे?”

“कशेडीच्या वरच्या ढेबे मावशी.”

“तिला दहा अब्ज म्हणजे किती शून्यं हे तरी माहीत आहे का?”

“दहा,” चांगदेव म्हणाले. “मी त्यांना काढून दाखवली होती. त्यांनी मोजून घेतली.”

हैबतींनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग वर कुठेतरी तक्रार केली. त्यामुळे सप्टेंबरात एक निरीक्षक तपासणीला आले.

निरीक्षक वयस्क, शांत आणि कामात पक्के होते. त्यांनी पहिली वही पाहिली, मग दुसरी मागितली.

“ही कसली?”

“प्रतीक्षा यादी, साहेब. दूरच्या गॅसची.”

मला वाटलं आता चांगदेवांची नोकरी गेली. शेठ तर केव्हाच मागच्या दाराने चहा सांगायला निघून गेले होते. निरीक्षकांनी एकेक पान उलटलं. क्रमांक सलग आहेत का पाहिलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीच्या नावावर बोट ठेवून ‘हे का’ विचारलं, आणि कारण ऐकून मान हलवली. मग शेरा लिहिला. तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे: ‘यादी सुवाच्य व नियमित. तथापि सदर साठ्याची खातरजमा केल्याचे दिसून येत नाही. ती करून एक महिन्यात अहवाल सादर करावा.’

आता दहा अब्ज प्रकाशवर्षांवरच्या साठ्याची खातरजमा महाडात बसून कशी करायची? शेठ म्हणाले, काहीतरी लिहून दे. चांगदेव काहीतरी लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एका जुन्या वर्तमानपत्रात पुण्याच्या एका खगोलसंशोधक बाईंचं नाव शोधून काढलं, डॉ. पूनम गद्रे, आणि मला पत्र सांगितलं. पत्रात चार प्रश्न होते. साठा नक्की किती. तो प्रत्यक्ष कोणी पाहिला आहे काय. त्यात भेसळ आहे काय. घरगुती शेगडीत चालेल काय.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आंतरदेशीय पत्र, निळ्या शाईत, कडेकडेने वळवून वळवून लिहिलेलं. बाईंनी चारही प्रश्न खरे धरून उत्तरं दिली होती. साठा सूर्याच्या वजनाच्या हजारो कोटी पट असावा. तो हायड्रोजन आहे, त्याचे अणू दोन-दोन मिळून रेणू झालेले. तो इतका थंड आहे, की स्वतः होऊन उजेड म्हणून काही देत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेला कोणी नाही. पण त्यात थोडासा कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असतो, त्याच्या लहरी आमच्या दुर्बिणींना पकडता येतात, आणि त्यावरून बाकीचा अंदाज येतो. भेसळ म्हणाल तर धूळ आहे. काजळी आणि वाळू यांचे अगदी बारीक कण. शेगडीत चालणार नाही, कारण शेगडी वितळेल की गोठेल हे सांगणं कठीण आहे.

हे पत्र चांगदेवांनी दुपारभर वाचलं. शेवटी फळीच्या फटीतून मला म्हणाले, “अहो, हे आपल्यासारखंच आहे. आपल्या गॅसला तरी कुठे वास असतो? वास वरून मिसळतात. नाकाला वास आला की आपण म्हणतो गॅस सुटला. तिथे कार्बन मोनॉक्साइड तेच काम करतो.”

हे त्यांनी उलट टपाली पुण्याला कळवलं. बाईंचं पुन्हा पत्र आलं, की हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना सांगितलं तर चालेल का. चांगदेव दोन दिवस हवेत होते.

अहवाल गेला. उत्तर आलं, ‘साठा पुरेसा असल्याची नोंद घेतली.’ पुढे त्या निरीक्षकांची बदली झाली आणि दुसऱ्या वहीबद्दल कोणीही पुन्हा विचारलं नाही. म्हणजे ती आता रीतसर झाली.

यानंतरची तीन-चार वर्षं चांगदेवांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली, असं मला वाटतं. दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याचं पत्र येई. ते एजन्सीच्या ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचत, कारण यादीतल्या लोकांचा त्यावर हक्क आहे असं त्यांचं मत. धुळीबद्दलचं पत्र आलं तेव्हा बरीच नाराजी पसरली. भागूबाई म्हणाल्या, “धूळ असंल तर बर्नर चोंदंल.” चांगदेवांनी समजावलं की धूळ नसती तर गॅसच झाला नसता. हायड्रोजनचे सुटे अणू पोकळीत फिरत असतात, एकमेकांना भेटत नाहीत. धुळीच्या कणावर येऊन बसतात, तिथे जोडी जमते आणि जोडीने निघून जातात.

“म्हंजे पोलादपूरच्या स्टँडावानी,” भागूबाई म्हणाल्या. “वरची मानसं येगयेगळ्या वाटंनी येतात. बाकड्यावर बसली की वळख निघती.”

“तसंच, मावशी.”

“मंग असू दे धूळ.”

एकदा मी त्यांना विचारलं, चांगदेव, तुम्ही हे का करता? जेवणाचा डबा उघडा होता. भाकरीचा तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला. म्हणाले, “दोन्ही वह्यांतल्या माणसांना मी खरंच सांगतो. पण या वहीतल्या माणसाला सांगताना मला वाईट वाटतं. त्या वहीतल्याला सांगताना नाही वाटत. तिथला गॅस न मिळण्यात कोणाची लबाडी नाही.”

शहाण्णव साली मात्र त्या वहीवरही संकट आलं. बाईंचं पत्र आलं की साठा मोजण्यात चूक झाली होती. ती दीर्घिका आणि आपण यांच्या बरोबर मध्ये दुसरी एक दीर्घिका आहे. तिच्या वजनाने मागून येणारा उजेड वाकतो आणि भिंगातून पाहावं तसं मागचं मोठं दिसतं. हे ध्यानात आल्यावर नवा हिशोब केला, तर साठा पहिल्या आकड्याच्या साधारण दहावा हिस्साच भरतो.

चांगदेवांनी हे पत्र वाचायचं की नाही यावर एक दिवस घालवला. मग यादीतल्यांना निरोप धाडले. शंभरेक माणसं ओट्यासमोर जमली. वाचून झालं. हैबती सकपाळ पुढे आले.

“म्हणजे दहातले नऊ हिस्से मधल्याने खाल्ले.”

“तसं नाही, सकपाळ. ते नऊ हिस्से आधीही नव्हते. मधल्या दीर्घिकेमुळे दिसत होते, इतकंच.”

“नसलेलं असल्यासारखं दाखवायचं,” हैबती म्हणाले, “हेच मधल्याचं काम असतं. मी सरपंच होतो, मला सांगू नका.”

त्यांनी मधल्या दीर्घिकेविरुद्ध निषेधाचा ठराव मांडला. अनुमोदन मिळालं. ठराव मी टाइप केला आणि एक प्रत चांगदेवांनी पुण्याला पाठवली. गद्रेबाईंनी तो भिंतीवर लावला, असं त्यांनी लिहिलं. चांगदेवांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, असं कमळाबाईंनी मला नंतर सांगितलं. आपण चार वर्षं लोकांना चुकीचा आकडा सांगितला, हे त्यांच्या मनातून जाईना.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात बाई स्वतः महाडला आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी, हातात स्लाइडचा डबा. एका शाळेच्या सभागृहात दुपारी त्यांचं व्याख्यान ठेवलं. मुलांसाठी म्हणून ठेवलं होतं, पण मुलांना जागाच मिळाली नाही, कारण यादीतली दोनशे माणसं चिठ्ठ्या घेऊन अकरा वाजल्यापासून नंबराप्रमाणे बसली होती. पहिल्या खुर्चीत भागूबाई.

बाईंनी पडद्यावर एक डाग दाखवला. पुसट, वाकडा, तांबूस. “हीच ती,” त्या म्हणाल्या. लोक पुढे वाकून पाहू लागले. कोणाच्या तरी लग्नाचा फोटो बघावा तसं. दोनशे माणसांनी सहा वर्षं ज्याच्यासाठी नंबर लावला होता ते तेवढंच होतं, नखाएवढं, आणि तरी कोणी हसलं नाही.

मग बाईंनी सांगितलं, की आपण हे पाहतोय ते दहा अब्ज वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा निघालेला उजेड आज पोचला. दरम्यान तिथे पुष्कळ काही घडून गेलं असणार.

भागूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “बाय, आता तिथं गॅस हाय का?”

बाई पडद्यापासून त्यांच्याकडे वळल्या. मला वाटतं त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपल्यासमोर कोण बसलंय.

“नसावा,” त्या म्हणाल्या. “ज्या वेगाने तिथे तारे तयार होत होते, त्या वेगाने तो थोड्याच काळात संपला असणार. पृथ्वी जन्मायच्याही आधी.”

चांगदेव भिंतीला टेकून उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग मी जे पाहिलं त्याचं मला अजून नवल वाटतं. लोक माना डोलवायला लागले. कोणी चिडलं नाही. उलट इतकी वर्षं त्या गॅसबद्दल जो थोडा परकेपणा होता तो गेला. मागून कोणीतरी म्हणालं, “आपला नंबर यायच्या आत संपला,” आणि आसपासच्यांनी ‘हां’ केलं. आता तो त्यांच्या ओळखीचा गॅस झाला.

हैबती उठले. “मॅडम, तो गेला कुठे? त्याचं केलं काय?”

“तारे झाले त्याचे.”

“वर्षाला किती?”

“तिथे तेव्हा वर्षाला काही शे होत असावेत.”

“आणि आपल्याकडे? आपल्या आकाशगंगेत?”

“आता वर्षाला दोन-चार. फार तर.”

हैबती लोकांकडे वळले. “कोटा,” ते म्हणाले. “वरपासून खालपर्यंत तेच आहे.” आणि समाधानाने खाली बसले.

व्याख्यान संपल्यावर चांगदेव वही घेऊन पुढे आले आणि म्हणाले की ही यादी मी आजपासून बंद करतो. साठाच नाही तर यादी ठेवणं बरोबर नाही. भागूबाईंनी हरकत घेतली. त्यांनी बाईंना विचारलं, असा गॅस आनखी कुठं सापडतोय का. बाई म्हणाल्या, सापडतोय, दर वर्षी नवीन दीर्घिका सापडतायत, काही याहून लांब. मग झालं, भागूबाई म्हणाल्या, नाव तेच ठेव, ठिकान बदल. तसं झालं. यादी दुसऱ्या एका दीर्घिकेवर चढवली गेली. ती निवडायचं काम बाईंनी केलं, आणि मध्ये कोणी नाही ना हे हैबतींनी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

दोन हजार सालाच्या सुमारास सरकारचं धोरण पालटलं. कनेक्शनं मोकळी झाली. ज्याला हवा त्याला गॅस, नंबर नाही, वाट पाहणं नाही. पहिली वही चार महिन्यांत रिकामी झाली. खेड्यापाड्यांतून माणसं यायची, चांगदेवांपुढे सवयीने उभी राहायची, आणि ते म्हणायचे, “घेऊन जा.” हे दोन शब्द बोलायला त्यांना फार जड गेलं. बारा वर्षं माणसाला पुढे काय आहे ते नीट समजावून सांगायची सवय. आता सांगायला काही उरलंच नव्हतं. एकदोघांना त्यांनी टाकी देताना तिच्यात गॅस कसा भरतात हेच सांगायला घेतलं, पण लोकांना घाई होती.

शेठनी काउंटरवर कॉम्प्युटर आणला आणि चांगदेवांना गावोगाव फिरून शेगडी पेटवून दाखवायचं काम दिलं. रेग्युलेटर कसा बसवायचा, वास आला तर काय करायचं, खिडकी कुठली उघडायची. हे काम त्यांनी पुढे निवृत्त होईपर्यंत केलं आणि मन लावून केलं. दुपारी कुठल्या तरी ओट्यावर बायका जमवून ते कार्बन मोनॉक्साइडबद्दल बोलत, त्यात बरंच काही कामाबाहेरचं असे, आणि बायका ऐकत.

कशेडीच्या धनगरवाड्यावर ते दोन हजार एकच्या जून महिन्यात गेले. मीही होतो बरोबर, मला ती सात घरं बघायची होती. भागूबाईंचा मुलगा नाथू मुंबईहून आला होता, त्याने टाकी पाठीला बांधून वर चढवली. वाटेत तो तीनदा बसला आणि तिन्ही वेळा ‘फुल्ल हेवी’ एवढंच बोलला. वर पोचेपर्यंत धुकं उतरलं होतं आणि चारी बाजूंना काही दिसत नव्हतं.

घर एकाच छपराचं. एका अंगाला माणसं, एका अंगाला म्हशी, मधे कमरेएवढी कुडाची आडभिंत. चांगदेवांनी टाकी कोपऱ्यात उभी केली, शेगडी फळीवर मांडली, नळी जोडली, साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. काडी ओढली. निळा जाळ आला. भागूबाईंनी त्यावर दुधाची कढई ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यावर टेकून वाकून बघत राहिल्या.

“आवाज करतोय,” त्या म्हणाल्या.

“थोडा करतो, मावशी.”

अडचण नंतर आली. संध्याकाळच्या धारांना म्हशी आत घ्यायची वेळ झाली. चार आल्या. पाचवी, सगळ्यात जास्त दूध देणारी, दारात आली, तिने तांबडी टाकी पाहिली आणि चारही पाय रोवून उभी राहिली. नाथूने ओढलं, भागूबाईंनी चुचकारलं, पेंडीचं घमेलं दाखवलं. नाही. टाकी दिसतेय तोवर ती आत येणार नव्हती.

नाथू म्हणाला टाकीवर घोंगडी टाकू. चांगदेव म्हणाले तसं चालत नाही, जळत्या शेगडीच्या टाकीवर काही झाकायचं नसतं, ते नियमात आहे. मग टाकी बाहेर ठेवू. बाहेर पाऊस. मग म्हशीला बाहेर ठेवू. भागूबाईंनी चांगदेवांकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी तो मुद्दा सोडला.

शेवटी ते स्वतःच जाऊन टाकीच्या पुढे बसले, मांडी घालून, हातभर अंतर ठेवून. टाकी त्यांच्या पाठीआड गेली. म्हैस एक पाऊल आत आली आणि पुन्हा थांबली. आता तिला पांढरा शर्ट बुजवत होता. तेव्हा भागूबाईंनी घोंगडी त्यांच्याच डोक्यावरून टाकली. नियमात माणसाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

म्हैस आली. धार सुरू झाली. पोलादपूरची शेवटची एसटी केव्हाच चुकली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. घोंगडीच्या आतून चांगदेवांचा आवाज आला, “मावशी, दूध उतू जातंय. वास येतोय मला.”

“जाऊ दे रे,” भागूबाई म्हणाल्या. “तू हलू नको.”